कुर्ल्याला १९२५, सॅन होजेला २०२४: मधल्या नव्याण्णव वर्षांत काय झालं?

दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा.

३ फेब्रुवारी १९२५. बोरीबंदरहून, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून, विजेवर चालणारी पहिली गाडी हार्बर मार्गानं कुर्ल्याला गेली. अंतर सुमारे १६ किलोमीटर.

२१ सप्टेंबर २०२४. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे या लोकल मार्गावर, म्हणजे 'कॅलट्रेन'वर, डिझेल इंजिनं बाजूला झाली आणि सगळ्या गाड्या विजेवर धावायला लागल्या. अंतर सुमारे ८२ किलोमीटर.

हा दुसरा मार्ग कुठला, तर सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध जाणारा. पालो आल्टो, माउंटन व्ह्यू, सनीव्हेल ही सगळी त्याची स्टेशनं. तुमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी या पट्ट्यात नोकरीला असेलच. जगभरातले फोन आणि कॉम्प्युटर जिथे जन्माला येतात, तिथली लोकल २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत डिझेलचा धूर सोडत चालली होती. आणि आपला कुर्ला तिच्या नव्याण्णव वर्षं आधी तारेखाली आला.

हे ऐकून आपल्याला जरा बरं वाटतं, नाही का? वाटू द्या. पण ती तुलना तिथेच सोडून चालणार नाही. मी एमएस्सी भौतिकशास्त्रात केलं आणि आता शहरी रेल्वेनं इंधनं कशी बदलली, या विषयावर पीएचडी करतेय. या कामात एक प्रश्न सारखा समोर येतो. एखादं तंत्रज्ञान माहीत असतं, सिद्ध झालेलं असतं, फायद्याचंही असतं. तरी ते एका गावात लगेच येतं आणि दुसऱ्या गावात शंभर वर्षं येत नाही. असं का? कॅलट्रेन हे त्याचं अगदी हातात धरून दाखवता येईल असं उदाहरण आहे. म्हणून आजचा लेख तिच्यावर.

आधी थोडं विज्ञान

बहुतेकांना वाटतं की डिझेल इंजिन म्हणजे ट्रकचं मोठं भावंड: आत डिझेल जळतं आणि त्यानं चाकं फिरतात. कॅलट्रेनची इंजिनं तशी नव्हती. आपल्याकडचीही बहुतेक तशी नसतात. त्यांच्या आत डिझेल जाळून जनरेटर फिरवतात, जनरेटर वीज तयार करतो आणि ती वीज चाकांजवळच्या मोटरींना जाते. म्हणजे चाक शेवटी विजेनंच फिरतं. डिझेल इंजिन हे आपलं छोटं वीजघर पाठीवर घेऊन पळणारं विजेचं इंजिनच असतं.

मग तारेनं नेमका काय फरक पडतो? तीन गोष्टी होतात.

एक, पाठीवरचं ओझं उतरतं. वीजघर, जनरेटर, टाकी, सगळं स्टेशनाबाहेर कुठेतरी राहतं. शिवाय चढावर किंवा सुटताना हवी तेवढी जास्तीची ताकद तारेतून क्षणभरासाठी ओढता येते. डिझेलला त्याच्या हॉर्सपॉवरची मर्यादा कायमची बांधलेली.

दोन, ओढणारी चाकं वाढतात. जुन्या कॅलट्रेनमध्ये एका टोकाला एक इंजिन आणि त्याला पाच-सहा दुमजली डबे. ओढायचं काम त्या एका इंजिनाच्या चार आसांनी करायचं. नव्या गाडीत, आपल्या मुंबईच्या लोकलसारख्याच, मोटरी वेगवेगळ्या डब्यांखाली वाटलेल्या असतात. त्यामुळे चाक न घसरता गाडी पटकन वेग घेते.

तीन, ब्रेक लावताना त्याच मोटरी उलट काम करतात, वीज तयार करतात आणि तारेत परत पाठवतात. कॅलट्रेनवर सुमारे २३ टक्के वीज अशी परत मिळते.

थोडी आकडेमोड करू. समजा गाडीला ताशी १२७ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३५ मीटर वेग गाठायचाय. कॅलट्रेनची कमाल मर्यादा एवढीच आहे. सोयीसाठी असं धरू की डिझेल गाडी दर सेकंदाला ०.४ मीटरनं वेग वाढवते आणि विजेची ०.८ नं. पहिलीला पूर्ण वेग घ्यायला ८८ सेकंद लागतील, दुसरीला ४४. सुटल्यापासून पूर्ण वेगानंच निघालेल्या काल्पनिक गाडीच्या तुलनेत पहिली ४४ सेकंद मागे पडते आणि दुसरी २२. म्हणजे दर थांब्याला २२ सेकंद वाचले. वीसेक थांबे धरले तर सात मिनिटं नुसत्या सुटण्यात वाचली. यात ब्रेकचा आणि नव्यानं आखलेल्या वेळापत्रकाचा फायदा मिळवा. प्रत्यक्षात सगळे थांबे घेणारी गाडी आधी सुमारे १०० मिनिटं घ्यायची, ती आता सुमारे ७५ मिनिटांत जाते. कमाल वेग वाढवलेलाच नाही. आधीचाच आहे.

हे सगळं भौतिकशास्त्र १९२५ मध्ये ठाऊक होतं. मग अडलं कुठे?

टँकर आणि बोअरवेल

तुमच्या सोसायटीत पाणी कमी पडतं असं समजा. दोन उपाय आहेत. रोज टँकर मागवायचा, किंवा एकदाच मोठा खर्च करून बोअरवेल मारायची. टँकरला आज फार पैसे लागत नाहीत, पण रोज लागतात. बोअरवेलला आज भरपूर लागतात, मग कमी. फ्लॅट्स जास्त असतील आणि तिथे वीस वर्षं राहायचं असेल, तर बोअरवेलच परवडते.

डिझेल हा टँकर आहे. तार म्हणजे बोअरवेल. खांब, तारा, सबस्टेशन, नवे सिग्नल हा खर्च गाड्या दहा असोत की शंभर, जवळजवळ तेवढाच. म्हणून विद्युतीकरण तिथेच परवडतं जिथे गाड्या भरपूर आहेत आणि मालकाचा तिथे टिकून राहायचा इरादा आहे. यातला दुसरा मुद्दा लोक विसरतात. घर सोडायच्या बेतात असलेला भाडेकरू कधी बोअरवेल मारत नाही.

मुंबईत काय जुळून आलं

मुंबईत १९२० च्या दशकात बरंच काही एकदम जुळून आलं. उपनगरांची गर्दी होती आणि वाफेच्या इंजिनांची गती त्या गर्दीला पुरत नव्हती. कोळसा बंगाल-बिहारकडून, देशाच्या दुसऱ्या टोकाकडून आणावा लागायचा. पुढे भोर आणि थळ घाटाची चढण होतीच. आणि उशाशीच वीज होती: टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालेलं.

या सगळ्या गोष्टी पुस्तकांत सापडतात. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक कागदोपत्री गोष्ट. जीआयपी रेल्वे नावाला कंपनी होती, तरी सरकारनं ती १९०० मध्येच विकत घेतली होती. कंपनी फक्त चालवायची. १ जुलै १९२५ पासून तर चालवणंही सरकारकडे आलं. म्हणजे पहिली विजेची गाडी कुर्ल्याला गेली तेव्हा तिच्या खालचे रूळ खासगी नव्हते. भांडवल घालणारा मालक पन्नास वर्षांचा विचार करू शकत होता.

पुढे पश्चिमेला बोरिवलीपर्यंत १९२८ मध्ये तार गेली. १९३० पर्यंत घाट ओलांडून पुण्याला आणि इगतपुरीला पोचली. त्याच वर्षी जूनमध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली.

सॅन फ्रान्सिस्कोत काय उसवत गेलं

आता पॅसिफिकच्या काठावर जाऊ. सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे ही रेल्वे जुनी, १८६४ च्या जानेवारीत पूर्ण झालेली. म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्यानंतर अकरा वर्षांतच. काही वर्षांत ती 'सदर्न पॅसिफिक' या बलाढ्य खासगी कंपनीच्या ताब्यात गेली.

तुम्ही म्हणाल, या कंपनीला विजेची अक्कल नसेल. मुळीच नाही! याच सदर्न पॅसिफिकनं खाडीच्या पलीकडे, ओकलंड, अलामीडा आणि बर्कली भागात १९११ मध्येच विजेच्या लोकल चालू केल्या होत्या, १२०० व्होल्ट डीसीवर. आपल्या कुर्ल्याच्या चौदा वर्षं आधी. प्रवासी गाडीनं धक्क्यापर्यंत यायचे आणि तिथून बोटीनं सॅन फ्रान्सिस्कोला जायचे.

मग १९३६ मध्ये बे ब्रिज बांधून झाला आणि मोटारी थेट खाडी ओलांडायला लागल्या. १९३९ मध्ये या विजेच्या गाड्याही पुलाच्या खालच्या मजल्यावरून शहरात आल्या, पण तोवर प्रवासी मोटारीत बसायला शिकले होते. १९४१ मध्ये कंपनीनं ही सेवा बंद केली. तीस वर्षं चाललेली विजेची लोकल बंद पडली, ती तांत्रिक दोषामुळे नाही. तिच्या शेजारी सरकारी पैशानं रस्ता आला आणि तिचा हिशेब खासगी ताळेबंदात मांडला जात राहिला, म्हणून.

सॅन होजेच्या बाजूला तर तार आलीच नाही. तिथे वाफेची इंजिनं १९५७ च्या जानेवारीपर्यंत धावत होती आणि त्यांच्या जागी डिझेल आलं. कंपनीच्या नजरेनं बघा: डिझेलला खांब नको, तार नको, वीजघर नको. इंजिन विकत आणा आणि जोडा. नको वाटलं तर विका. उद्या निघून जायचं असेल तर यापेक्षा सोयीचं काय असणार?

आणि कंपनीला खरंच निघून जायचं होतं. प्रवासी वाहतुकीत तोटा होता, महामार्ग रुंद होत होते. १९७७ मध्ये सदर्न पॅसिफिकनं ही लोकल बंद करायची परवानगीच मागितली.

मध्ये एक संधी येऊन गेली. बे एरियात 'बार्ट' ही विजेवरची मेट्रो आखली जात होती आणि मूळ बेतात ती याही बाजूला उतरायची होती. पण १९६१ च्या डिसेंबरमध्ये सॅन मटेओ काउंटी त्यातून बाहेर पडली. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. कर वाढेल, आपल्याकडे सदर्न पॅसिफिकची गाडी आहेच, असा युक्तिवाद होता. बार्ट १९७२ मध्ये सुरू झाली, पण खाडीच्या पलीकडे. (जाता जाता: बार्टच्या रुळांची रुंदी १६७६ मिलिमीटर, म्हणजे नेमकी आपल्या ब्रॉडगेजएवढी! अमेरिकेच्या नेहमीच्या मापापेक्षा वेगळी.) सॅन मटेओच्या त्या एका निर्णयामुळे मधल्या पट्ट्याला पुढची साठ वर्षं डिझेलवर काढावी लागली.

रूळ कुणाचे?

इथून गोष्ट वळते. १९८० मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं पैसे देऊन सेवा चालू ठेवली. १९८५ मध्ये नवी डिझेल इंजिनं आणि डबे आले, 'कॅलट्रेन' हे नाव पडलं. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को, सॅन मटेओ आणि सांता क्लारा या तीन काउंट्यांनी मिळून एक संयुक्त मंडळ बनवलं. १९९१ मध्ये त्या मंडळानं सदर्न पॅसिफिककडून रूळ आणि जमीन विकत घेतली, २१ कोटी २० लाख डॉलरना.

माझ्या मते कॅलट्रेनच्या विद्युतीकरणाची खरी सुरुवात हीच. त्याआधी बोअरवेल मारायला मालकच नव्हता. मुंबईच्या बाबतीत जे १९०० मध्ये झालं, ते इथे १९९१ मध्ये झालं. नव्याण्णव वर्षांच्या अंतरातली एक्क्याण्णव वर्षं इथेच सापडतात.

पण मग १९९१ ते २०२४ ही तेहतीस वर्षं कशात गेली?

पैशात आणि संमतीत. या मंडळाला स्वतःचं कायमचं उत्पन्न नव्हतं. तिन्ही काउंट्या दरवर्षी आपापला वाटा घालायच्या आणि एकीचा हात आखडला की सगळ्यांचंच अडायचं. विद्युतीकरणाचे अभ्यास १९९० च्या दशकापासून होत राहिले, पैसा मात्र नव्हता. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी हायस्पीड रेल्वेसाठी कर्जरोखे मंजूर केले. पुढे ठरलं की हायस्पीड गाडी या पट्ट्यात कॅलट्रेनच्याच रुळांवरून जाईल. हायस्पीडला तार लागणारच. त्यामुळे २०१२ मध्ये त्या निधीतला वाटा कॅलट्रेनच्या तारेसाठी मंजूर झाला.

मग ॲथर्टन हे गाव न्यायालयात गेलं. अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत वस्त्यांपैकी एक. खांबांसाठी झाडं तुटणार, दृश्य बिघडणार, पर्यावरण-अहवाल अपुरा आहे, असं म्हणणं. प्रकल्प थांबला नाही. २०१६ मध्ये कंत्राटं दिली: तारेचं काम बॅल्फर बीटीला, गाड्या स्टॅडलर या स्विस कंपनीला.

२०१७ च्या फेब्रुवारीत अजून एक धक्का. वॉशिंग्टनहून येणारं ६४ कोटी ७० लाख डॉलरचं अनुदान सहीसाठी तयार होतं. कॅलिफोर्नियाच्याच रिपब्लिकन खासदारांनी ते रोखा असं पत्र लिहिलं आणि केंद्रानं सही पुढे ढकलली. मे महिन्यात ती झाली, जुलैत मिलब्रे इथे कामाचा नारळ फुटला. आपल्या भाषेत बरं का, तिथे फावडं मारतात!

कामाला लागल्यावर

तुम्हाला वाटेल, आता फक्त खांब उभे करायचे. पण दीडशे वर्षांच्या रुळावर तार टाकणं म्हणजे जुन्या वाड्यात नवं वायरिंग करण्यासारखं. भिंत उकरल्याशिवाय आत काय निघेल ते कळत नाही.

मला यातली सगळ्यात आवडती अडचण फाटकांची आहे. या मार्गावर चाळीसच्या वर लेव्हल क्रॉसिंग आहेत. जुनी पद्धत अशी होती: रुळांतूनच एक बारीकसा संकेत सोडायचा. गाडी जवळ येते तशी तिच्या चाकांमुळे त्या सर्किटची इम्पीडन्स बदलते. ती किती भराभर बदलते त्यावरून गाडीचा वेग ओळखायचा आणि फाटक योग्य वेळी पाडायचं. गाडी हळू असो की जोरात, फाटक साधारण तेवढ्याच सेकंदांआधी पडतं. आहे ना सुंदर? पण विजेची गाडी आली की तिचा परतीचा प्रवाह त्याच रुळांतून जातो. जुन्या यंत्राचा बारीक संकेत या गोंगाटात चालत नाही. म्हणून सगळ्या फाटकांसाठी वेगळी व्यवस्था बसवावी लागली.

शिवाय सॅन फ्रान्सिस्कोजवळचे बोगदे १९०७ चे. वाफेच्या गाड्यांसाठी खणलेले, तारेला जागा ठेवलेली नाही. तिथेही काम करावं लागलं. मध्ये कोविड आला. खर्च सुमारे १९८ कोटी डॉलरवरून २४४ कोटींवर गेला आणि तारीख काही वर्षांनी पुढे सरकली.

कोविडमध्ये तर कॅलट्रेन जवळजवळ बुडाली होती. सिलिकॉन व्हॅलीतले लोक घरून काम करायला लागले. आधी कामाच्या दिवशी साठ हजारांच्या वर प्रवासी असायचे, त्यातले नावापुरते उरले. तिचा बराचसा कारभार तिकिटावर चालायचा, तेव्हा उत्पन्नच कोसळलं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिन्ही काउंट्यांत मतदान झालं आणि विक्रीवर अष्टमांश टक्का कर कॅलट्रेनसाठी मंजूर झाला. दोन तृतीयांश मतं लागणार होती, ती मिळाली. गाड्या रिकाम्या असताना लोकांनी तिच्यासाठी कर मान्य केला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

११ ऑगस्ट २०२४ ला पहिल्या विजेच्या गाड्या प्रवासी घेऊन निघाल्या आणि सहा आठवड्यांत सगळ्याच.

हवेत काय बदललं

ते सहा आठवडे संशोधकांसाठी दुर्मीळ होते. एरवी हवा का सुधारली हे सांगणं फार कठीण असतं. वारा बदलतो, ऋतू बदलतो, वाहनं बदलतात. इथे एकाच मार्गावर काही आठवड्यांत डिझेल गेलं आणि वीज आली, बाकी सगळं जवळपास तेच. बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या काळात डब्यांच्या आत यंत्रं नेऊन ब्लॅक कार्बन मोजला. ब्लॅक कार्बन म्हणजे काजळीचे अतिसूक्ष्म कण, डिझेल अर्धवट जळाल्याची खूण. डिझेल गाडीतल्या प्रवाशाच्या तुलनेत विजेच्या गाडीतल्या प्रवाशाच्या वाट्याला येणारा ब्लॅक कार्बन सरासरी ८९ टक्क्यांनी कमी झाला होता.

हे वाचून मला आधी आनंद झाला आणि मग हिशेब सुचला. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच 'माणसात कर्करोग घडवणारा' या वर्गात टाकलंय. जो माणूस मोटार सोडून 'पर्यावरणासाठी' रेल्वेनं जात होता, तोच रोज डब्यात बसून हे श्वासात घेत होता. इंजिनाचा चालक आणि गार्ड तर दिवसभर. उशीर झाला असं आपण म्हणतो तेव्हा त्याची किंमत अशी असते. ती कुठल्याच ताळेबंदात लिहिलेली नसते, म्हणून वर्षानुवर्षं टँकर स्वस्त दिसत राहतो.

प्रवासी परतले. एका आर्थिक वर्षात फेऱ्यांची संख्या ६० लाखांच्या आसपासून ९० लाखांच्या वर गेली. शनिवार-रविवारी तासाला एक गाडी असायची, ती अर्ध्या तासाला झाली.

मग मुंबई जिंकली का?

इतका सरळ निकाल मला देता येत नाही. दोन कारणांनी.

पहिलं कारण तांत्रिक. मुंबईनं लवकर केलं म्हणून १५०० व्होल्ट डीसी पत्करावं लागलं. तेवढ्याच ताकदीसाठी व्होल्टेज कमी तर प्रवाह जास्त. ३ मेगावॉटला १५०० व्होल्टवर २००० अँपिअर लागतात, २५,००० व्होल्टवर फक्त १२०. तारेतली उष्णतेची गळती प्रवाहाच्या वर्गानुसार वाढते, म्हणजे त्याच जाडीच्या तारेत जवळजवळ पावणेतीनशे पट. म्हणून डीसीला जाड तांबं आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन लागतं. शेवटी मुंबईला सगळी यंत्रणा २५ हजार व्होल्ट एसीवर न्यावी लागली. पश्चिम रेल्वेचं ते काम २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये. तेही रोज लाखो लोक प्रवास करत असताना. कॅलट्रेननं एकदम २५ हजारच टाकले आणि अख्ख्या मार्गाला बाहेरून वीज घेणारी दोनच मुख्य सबस्टेशनं पुरली. उशिरा येणाऱ्याला तयार रस्ता मिळतो, तो असा.

दुसरं कारण राजकीय, आणि ते मला जास्त छळतं. मुंबईत झपाट्यानं झालं, कारण कुणाला विचारायचंच नव्हतं. सरकार इंग्रजांचं. बोरीबंदरच्या गाडीत चेंगरून जाणाऱ्या बहुतेक गिरणी-कामगारांना किंवा कारकुनांना मत नव्हतं. कॅलिफोर्नियात ॲथर्टनसारख्या छोट्या गावालाही न्यायालयात जाता आलं, करासाठी मतदान घ्यावं लागलं. तेहतीस वर्षांतली काही वर्षं ही विचारण्याची किंमत आहे. पण सगळी नाहीत. विचारलं कुणाला, हेही बघायला हवं. झाडांच्या सावलीतल्या घरमालकाकडे वकील होता. डब्यात काजळी गिळणाऱ्याकडे तो नव्हता. दोन्ही ठिकाणी रोज गाडीत चढणाऱ्या माणसाचा आवाज सगळ्यात बारीक, कारणं तेवढी वेगळी.

आणि ही गोष्ट अजून संपलेली नाही. सॅन होजेच्या पलीकडे गिलरॉयकडे जाणारा फाटा मालगाडीच्या कंपनीच्या रुळांवरून जातो. तिथे तार नाही, म्हणून तिथे अजून डिझेल धावतं आणि बॅटरीवरची गाडी घडवायचं काम चालू आहे. रूळ कुणाचे, हा प्रश्न पुन्हा तसाच उभा.

कॅलट्रेननं काढलेल्या डिझेल इंजिनांचं आणि डब्यांचं काय झालं, तेही सांगते. त्यांतली बरीच पेरू देशात लिमा शहराला गेली, तिथे उपनगरी रेल्वे उभी करायला. लिमाच्या लोकांना त्यांची गरज आहे, बसच्या रांगेपेक्षा ती बरीच. त्यांना नको म्हणायचा अधिकार मला नाही. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या हवेतून गेलेल्या काजळीचा हिशेब मांडताना तीच इंजिनं लिमात सुरू होतील हे धरायचं की नाही? माझ्या प्रबंधातल्या तक्त्याला त्यासाठी एक रकाना आहे. सध्या तो रिकामा आहे.

तोवर एक काम तुमच्याकडे देते. तुमच्या गावातल्या रेल्वेबद्दल, बसबद्दल, मेट्रोबद्दल 'आपल्याकडे हे का होत नाही?' असा प्रश्न पडेल, तेव्हा तंत्रज्ञान आहे का हे शेवटी विचारा. आधी विचारा की रूळ कुणाचे आहेत, आणि मालक तिथे किती वर्षं राहणार आहे.